मायसेल्फचे कूळ आणि मूळ

इंग्रजांनी आपल्याला काय काय दिले याची यादी निघाली, की आगगाडी, क्रिकेट, पोस्टखाते आणि सकाळचा चहा यांची नावे ओळीने घेतली जातात. 'मायसेल्फ'चे नाव मात्र कुणी घेत नाही. वास्तविक आगगाडीइतकाच त्याचाही प्रसार झालेला आहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असो, बँकेतली मुलाखत असो, नाही तर सोसायटीची वार्षिक सभा असो, नमस्काराला जोडलेले हात सोडवून एक तरी गृहस्थ "मायसेल्फ देशपांडे, फ्रॉम सांगली" असे म्हणतोच. समोर मराठी माणूस असला तर त्याला यात काही खटकत नाही. इंग्रज असला तर तो क्षणभर थांबतो. कारण त्याच्या कानाला ते 'स्वतःला देशपांडे' असे ऐकू येते आणि क्रियापद मागून येत असेल म्हणून तो बिचारा वाट पाहत राहतो. स्वतःला देशपांडे काय करतात? सावरतात? फसवतात? की विमा उतरवतात?

देशपांड्यांची बाजू घ्यायची तर एक दाखला देता येतो. इंग्रजीचा सुप्रसिद्ध कोश १७५५ साली सिद्ध करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीही, आपल्या घरातली मंडळी आणि 'मायसेल्फ' असे सगळेच आजारी असल्याचे एका पत्रात कळवले आहे. म्हणजे जिथे साधे 'आय' म्हणून भागले असते तिथे खुद्द कोशकारांनीच मायसेल्फ लावला. अर्थात त्यांनी पुढे क्रियापद ठेवले होते. देशपांडे तेवढे विसरतात.

शाळेत आपल्याला हे प्रकरण 'आत्मवाचक सर्वनाम' या भारदस्त नावाने शिकवले जाते. नाव ऐकून उपनिषदांत शिरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मास्तर फळ्यावर मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ असा तक्ता काढतात, आपण तो पाठ करतो, आणि मग ही सर्वनामे आणि त्यांच्या पुढे बसणारी बाय, टू, फॉर, विथ, ऑन ही चिमुकली अव्यये मिळून आपल्याला जन्मभर छळतात. आमच्या मास्तरांना कुणी "सर, हे असंच का?" असे विचारले, तर त्यांचे एकच उत्तर होते, "इंग्रज म्हणतो म्हणून." राज्य गेले तरी इंग्रजाचे एवढे म्हणणे शिल्लक होते.

पण इंग्रज तरी ते पहिल्यापासून कुठे म्हणत होता?

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मायसेल्फ, हिमसेल्फ असला तयार मालच नव्हता. 'सेल्फ' हा शब्द होता, पण तो विशेषण म्हणून हिंडत असे. आपल्या 'खुद्द'सारखा. खुद्द राजा, खुद्द बिशप, खुद्द मी. स्वतःकडे वळणाऱ्या क्रियेसाठी साधी सर्वनामेच वापरत. 'त्याने त्याला धुतले' म्हणजे तो अंघोळ करून आला, किंवा त्याने दुसऱ्या कुणाची धुलाई केली. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात सुखाने नांदत. शेजारच्या जर्मनांकडे या कामासाठी 'झिश' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो त्यांनी आजवर जपला. इंग्रजांच्या पूर्वजांकडेही त्याचा भाऊबंद असणार, पण इंग्रजी लिहिली जाऊ लागली तेव्हा तो हरवलेला होता. पुढे या लोकांनी जगभरच्या वस्तू गोळा करून संग्रहालयात ठेवल्या, पण घरातले सर्वनाम काही त्यांना सांभाळता आले नाही.

आता विचार करा, 'त्याने त्याला ठार मारले' असे वाक्य गावच्या पंचनाम्यात आले तर? खून की आत्महत्या? एकाला फाशी द्यायची की कुणालाच नाही? इथे मात्र त्या काळच्या लोकांनी डोके चालवले. धुणे, वळणे, बसणे, घाबरणे अशी जी कामे माणूस सहसा स्वतःच्याच बाबतीत करतो, तिथे ते साध्या सर्वनामावर भागवत. पण मारणे, स्तुती करणे, द्वेष करणे ही कामे माणूस साधारणपणे दुसऱ्यावर करतो. ती स्वतःवर केली असतील तर ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून ते सर्वनामाला 'खुद्द'ची, म्हणजे सेल्फची पुस्ती जोडत. जिथे शंका, तिथे सेल्फ. वाचकहो, एवढे सूत्र लक्षात ठेवा. पुढची सगळी वंशावळ याच सूत्राला लोंबकळते आहे.

याच सुमारास, म्हणजे नवव्या-दहाव्या शतकांत, इंग्लंडात डेन लोक येऊन राहिले. ते आले लुटायला, पण जाताना बरेच शब्द ठेवून गेले. आपण 'देमसेल्व्हज्' म्हणतो त्यातले 'देम' हे त्यांच्याकडचे आणि 'सेल्फ' हे घरचे. म्हणजे 'ते स्वतः' हे सांगायलासुद्धा इंग्रजांना निम्मा शब्द पाहुण्यांकडून उसना घ्यावा लागला. त्या पाहुण्यांच्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीलाच 'स्वतःला' चिकटत असे. तशी एक शेपटी इंग्रजीत अजून सापडते. उन्हात अंग शेकत पडण्याला इंग्रज 'बास्क' म्हणतो. त्याचे मूळ त्या उत्तरेकडच्या भाषेतल्या 'स्वतःला न्हाऊ घालणे' अशा अर्थाच्या क्रियापदात असल्याचे कोशकार सांगतात. त्यातला शेवटचा 'स्क' म्हणजे 'स्वतःला'. आपल्याकडे स्नान पाण्याने करतात, त्यांच्याकडे ते उन्हाने करायची वेळ आली. हवामानच तसे.

पुढच्या काही शतकांत सेल्फची गरज वाढत गेली आणि तो सर्वनामांच्या घरी कायमचा राहायला आला. राहायला आला, पण नाते नीट ठरले नाही. मुळात म्हणत 'मी सेल्फ', म्हणजे 'खुद्द मला'. घाईघाईत बोलताना त्या 'मी'चा उच्चार बदलत गेला. त्यातच 'हर'ने घोटाळा केला. 'हर' म्हणजे 'तिला' आणि 'हर' म्हणजे 'तिचा'ही. त्यामुळे 'हर सेल्फ' म्हणजे 'खुद्द तिला' की 'तिचा स्व', हे कुणाला सांगता येईना. लोकांना वाटले, सेल्फ हे नामच असावे. छत्री, टोपी, तसा सेल्फ. मग माझी छत्री तसा माझा सेल्फ. अशा रीतीने 'माय सेल्फ', 'युवर सेल्फ', 'अवर सेल्व्हज्' तयार झाले. 'हिम' आणि 'देम' यांना मात्र हा निरोप पोचला नाही. ते जुन्याच नात्याने राहिले. म्हणून 'माझा स्व' पण 'खुद्द त्याला', अशी एकाच तक्त्यात दोन घराणी नांदताना दिसतात. एखाद्या वाड्यात भाडेकरू आणि मालकाचे दूरचे नातेवाईक शेजारी शेजारी राहावेत आणि भाडेपावती कुणाची कुणालाच ठाऊक नसावी, तसे.

म्हणजे शाळेत एखाद्या मुलाने 'हिजसेल्फ' लिहिले, तर तर्क त्या मुलाच्या बाजूने आहे. हे माझे म्हणणे नव्हे. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली इंग्रजीचे एक छोटे व्याकरण प्रसिद्ध केले. कर्त्याच्या जागी येणारा 'हिमसेल्फ' हा 'हिज सेल्फ'चा बिघाड दिसतो, असे त्यांनी त्यात नोंदले आहे. खेड्यापाड्यांतल्या इंग्रजांच्या तोंडी 'हिजसेल्फ' आजही ऐकू येतो. बिशप आणि शेतकरी एका बाजूला, आणि मधले सगळे शाळामास्तर दुसऱ्या बाजूला. अशा लढाईत कोण जिंकते, ते सांगायला नको.

ही जोडगोळी लिहितानाही बराच काळ सुटी सुटीच लिहीत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्यानंतर दीडशे वर्षे उलटून गेली तरी 'माय' एकीकडे आणि 'सेल्फ' दुसरीकडे. शेक्सपिअरची नाटके १६२३ साली एकत्र छापली गेली, त्यांतही ते पुष्कळदा वेगळेच दिसतात. सोळाव्या शतकात एकापेक्षा जास्त माणसांसाठी 'सेल्व्हज्' हे रूप आले आणि त्यातून एक गंमत घडली. इंग्रजांनी 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक पुढे मोडीत काढला. राजाला यू, गड्यालाही यू. पण 'युवरसेल्फ' आणि 'युवरसेल्व्हज्' यांत तो एक-अनेक फरक अजून शाबूत आहे. यजमान "हेल्प युवरसेल्फ" म्हणाला तर फराळाचे ताट एकट्या तुमच्यासाठी आहे. "युवरसेल्व्हज्" म्हणाला तर शेजारच्यालाही द्यावे लागणार. व्याकरण कळले नाही तर माणूस उपाशी राहतो, तो असा.

आता अव्ययांकडे वळू. 'बाय' आणि 'बिसाइड' या दोघांचा मूळ अर्थ एकच, जवळ, शेजारी. तेव्हा 'बाय हिमसेल्फ' म्हणजे स्वतःच्या शेजारी आणि 'बिसाइड हिमसेल्फ' म्हणजेही स्वतःच्या शेजारी. पण पहिल्याचा अर्थ झाला 'एकटा' आणि दुसऱ्याचा झाला 'वेडापिसा'. दोन्हीकडे माणूस स्वतःला खेटूनच बसलेला, पण एक शांतपणे चहा पितो आहे आणि दुसरा कपबश्या फोडतो आहे. याचे कारण असे, की 'बिसाइड'ला मध्यंतरी 'बाहेर' असाही अर्थ चिकटला होता. म्हणजे दुसरा गृहस्थ स्वतःच्या शेजारी नसून स्वतःच्या बाहेर पडला आहे. हिंदीत 'आपे से बाहर' म्हणतात, अगदी तसे. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने बायबलचे भाषांतर निघाले. त्यात फेस्टस नावाचा रोमन अधिकारी संत पॉलला याच शब्दांत सुनावतो, की तू स्वतःच्या बाहेर गेला आहेस, फार शिकून तुला वेड लागले आहे. फार शिकलेल्यांविषयी सरकारी अधिकाऱ्यांचे मत तेव्हापासून फारसे बदललेले दिसत नाही. त्याच ग्रंथातला उधळ्या मुलगा सगळी इस्टेट उडवून डुकरे राखायला लागल्यावर 'स्वतःकडे येतो', म्हणजे भानावर येतो. बाहेर पडायलाही सेल्फ आणि परत यायलाही सेल्फ. मधल्या प्रवासाचे तिकीट तेवढे अव्यय काढते.

पण मराठी माणसाचे खरे हाल होतात ते जिथे सेल्फ लावायचा नसतो तिथे. 'त्याने जाताना आपल्याबरोबर छत्री घेतली.' यात 'आपल्या' आहे, म्हणून आपण निष्ठेने 'विथ हिमसेल्फ' लिहितो. मास्तर तांबडी रेघ मारतात. बरोबर काय? नुसते 'विथ हिम'. मग 'तो स्वतःवर रागावला' याला आपण शहाणे होऊन 'विथ हिम' लिहितो. पुन्हा तांबडी रेघ. इथे म्हणे 'विथ हिमसेल्फ' हवे. तेच 'विथ', तोच 'तो', आणि मार्क दोन्हीकडे गेलेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांतल्या किती जणांनी या एका अव्ययापायी कपाळाला हात लावला असेल, देव जाणे. आणि ही केवळ मार्कांची गोष्ट नव्हती. एका अर्जातल्या इंग्रजीवर कारकुनी मिळायची की नाही, आणि कारकुनीवर लग्न ठरायचे की नाही, हे अवलंबून असण्याचा तो काळ होता.

मास्तरांनी हजार वर्षांपूर्वीचे ते सूत्र सांगितले असते, तर ही रक्तपिपासू रेघ थोडी आवरली असती. छत्री माणूस कुणाबरोबर नेणार? स्वतःबरोबरच. शंकेला जागा नाही, म्हणून सेल्फ नाही. रागवायला मात्र बायको, मुले, साहेब, शेजारी असे सगळे जग मोकळे आहे. ते सोडून गृहस्थ स्वतःवर रागावला, तर ते मुद्दाम सांगायला हवे, म्हणून सेल्फ. मागे दार लावले, सभोवार पाहिले, पुढे पाऊल टाकले, अशा जागेच्या गोष्टींत इंग्रज बहुधा साधे सर्वनामच वापरतो. मनाच्या किंवा फायद्याच्या गोष्टी आल्या, की सेल्फ पुढे होतो. 'ऑन'चेच पाहा. 'त्याच्याजवळ पैसे आहेत' याला 'ऑन हिम', कारण पैसे खिशात आहेत. 'तो स्वतःवर पैसे खर्च करतो' याला 'ऑन हिमसेल्फ'. आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला पहिले वाक्य एक तारखेपुरते लागते आणि दुसरे लागतच नाही.

ही शंका पुढे विद्वानांनाही सोडीना. नोम चॉम्स्की यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका जाडजूड ग्रंथात, 'हिम' कुणाला बांधला जात नाही आणि 'हिमसेल्फ' कुणाला बांधला जातो याचे नियम मांडले. त्यांतून ही छत्रीसारखी वाक्ये निसटू लागली, तेव्हा जगभरचे भाषाशास्त्रज्ञ अव्ययांच्या मागे लागले. आपल्या मराठीकडेही त्यांचे लक्ष गेले. काशी वाली या नामवंत अभ्यासकांनी आपल्या 'स्वतः' आणि 'आपण' यांवर बारकाईने लिहिले आहे. 'रामला वाटते, शामने स्वतःला फसवले', यात फसला तो शाम. 'रामला वाटते, शामने आपल्याला फसवले', यात फसला तो राम. बघा, एक शब्द बदलला आणि नुकसान एका घरातून दुसऱ्या घरात गेले. इंग्रजाला हजार वर्षे खपून जे जमले, त्याहून एक पायरी पुढची सोय आपण रोज नळावर भांडताना वापरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

या 'बाय'ने एकदा आमच्या वाड्यातही पाणी काढले. १९८० च्या सुमाराची गोष्ट. आबा रिटायर्ड हेडक्लार्क. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेलेला. त्याची पत्रे यायची ती मराठीत आणि 'मी मजेत आहे' अशीच. एकदा त्याच्या घरमालकिणीचे इंग्रजी पत्र आले. बाई सज्जन असावी. मुलगा गुणी आहे, भाडे वेळेवर देतो, असे लिहून पुढे तिने तीन वाक्ये लिहिली होती. तो 'कीप्स टू हिमसेल्फ', 'कुक्स फॉर हिमसेल्फ' आणि 'ईट्स बाय हिमसेल्फ'. आबांनी चष्मा पुसला आणि माईंना भाषांतर सांगायला सुरुवात केली.

"स्वतःकडे ठेवतो म्हणते."

"काय ठेवतो?" माईंनी विचारले.

"तसं नव्हे गं. ते इंग्रजीत म्हणायची पद्धत आहे. स्वतःसाठी स्वयंपाक करतो. आणि स्वतःच्या... म्हणजे शब्दशः बघितलं तर स्वतःच्या शेजारी बसून जेवतो."

माई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, म्हणजे जेवताना समोर कुणी नसतं, असंच ना?"

आबांनी तीस वर्षे साहेबाची इंग्रजी पत्रे वाचली होती. त्यांनी पत्राची घडी घातली आणि "हो, तसंच" एवढेच म्हणाले. त्या संध्याकाळी माईंनी त्याला पत्र लिहिले. काय लिहिले ते वाड्यात कुणाला कळले नाही. पण पुढच्या दिवाळीला तो पोरगा पंधरा दिवस येऊन राहिला, आणि त्या पंधरा दिवसांत आबांच्या घरी एकदाही कुणाचे ताट एकटे मांडले गेले नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले.

इंग्रजीतला 'स्व' आणि आपला 'स्व' यांत फरक आहे, तो बहुधा असा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून आपल्याकडची मुले आत्मवाचक सर्वनाम म्हणून 'आपण' पाठ करीत आली आहेत. हा शब्द संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातल्या 'अप्पण'वरून आपल्याकडे आला. इतके मोठे कूळ, पण कसलाही गर्व नाही. आपोआप, आपसांत, आपलेपणा, सगळीकडे तो राबतो. 'आपण' म्हणजे स्वतः. 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही. आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-मी मिळून सगळे. इंग्रजाचा सेल्फ प्रत्येकाच्या खोलीत वेगळा, आतून कडी लावलेला. आपला 'आपण' ओसरीवर बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला सरकून जागा देणारा.

हे ऐकून कुणाची छाती फुगत असेल, तर त्याने जरा सावरावे. शंका काय फक्त इंग्रजीतच असते असे नाही. "हे काम आज आपण रात्री बसून संपवून टाकू," असे आमचे साहेब संध्याकाळी पाच वाजता म्हणत आणि पाच वाजून दहा मिनिटांनी टोपी घालून बाहेर पडत. त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे आणि कोण नाही, हे आम्हाला रात्री दहा वाजेपर्यंत स्पष्ट होत असे. जिथे शंका तिथे सेल्फ, हे इंग्रजांना जमले. पण साहेबांच्या 'आपण'ला लावण्याजोगे काही मराठीने अजून काढलेले नाही.